खड्डा कळत नाही

पुण्यात मध्यम आकाराची एसयूव्ही घेऊन दोन-चार वर्षे वापरलेल्या कुटुंबांचे अनुभव ऐकले, की मायलेज, पिकअप, सर्व्हिसचा खर्च, सुट्या भागांसाठी थांबावे लागणे अशा बाबतींत मते निरनिराळी निघतात. एका वाक्यावर मात्र जवळजवळ सगळ्यांचे एकमत होते : ‘खड्डा कळत नाही.’ त्याच्या जोडीला ‘गाडी खाली लागत नाही’ आणि ‘बसल्यावर रस्ता दिसतो’. ही तिन्ही वाक्ये खरी आहेत. ती म्हणणारी माणसे हौसेपायी फुगवून बोलत नाहीत. कर्जाचे हप्ते भरत असताना माणूस आपल्या गाडीबद्दल बराच काटेकोर होतो. पण ही वाक्ये नीट ऐकली तर त्यांत गाडीइतकेच शहराचे वर्णन आहे. खड्डा कळत नाही म्हणजे खड्डा आहे. गाडी खाली लागत नाही म्हणजे लागावी असे रस्त्यावर पुष्कळ काही आहे. माझे म्हणणे असे, की या गाड्यांबद्दलच्या समाधानाचा मोठा हिस्सा पुण्याच्या रस्त्यांपासून मिळालेल्या सुटकेचा आहे. ही सुटका एकेक घर स्वतःच्या पैशाने विकत घेते, आणि ज्याची सुटका झाली तो त्या रस्त्याबद्दल बोलायचा थांबतो.

या शहराला एसयूव्हीबद्दल परकेपणाने बोलता येत नाही. १९९४ साली टाटांची सुमो आली, १९९८ साली सफारी, दोन्ही पिंपरीच्या. सुमो हे नावच टाटांच्या टेल्को कंपनीचा पुण्यातला कारखाना उभा करणाऱ्या सुमंत मूळगावकरांच्या नावावरून घेतलेले. २०११ साली महिंद्राची एक्सयूव्ही ५०० चाकणहून निघाली आणि मध्यमवर्गीय घराला पहिल्यांदा वाटले, की सात माणसांची गाडी म्हणजे प्रवासी वाहतुकीची जीप असलीच पाहिजे असे नाही. पुढे रांजणगावहून जीप कंपास, पिंपरीहून हॅरियर, २०२१ साली चाकणहूनच एक्सयूव्ही ७००, स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था तर १९६६ पासून याच शहरात, वेताळ टेकडीच्या अंगावर आहे. हजारो घरांची चूल या धंद्यावर पेटते. देशाचे म्हणाल तर २०२४-२५ या वर्षात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्यांपैकी २८ लाखांच्या आसपास गाड्या एसयूव्ही आणि तत्सम वर्गातल्या होत्या. म्हणजे हा आता मूठभरांचा शौक राहिलेला नाही. घराची गाडी म्हटले की हीच, असे झाले आहे.

तर या गाडीचा कणा म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, गाडीचा तळ आणि रस्ता यांमधले अंतर. पुण्यात अमाप दिसणाऱ्या ह्युंदाई क्रेटाचा तो १९० मिलिमीटर आहे, कुशाकचा १८८. आता दुसरा एक आकडा पाहू. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधक कसा असावा हे केव्हाच लिहून ठेवले आहे : १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, पाठ गोलसर, ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येईल असा. ठळक पट्टे आणि आधी सूचनाफलक हवेतच. अशा गतिरोधकावरून साधी हॅचबॅक माणसांनी भरलेली असली तरी घासणार नाही. मग पुण्यात तीच हॅचबॅक चार माणसे आणि डिकीत सामान घेतले की खाली का लागते? कारण आपला गतिरोधक त्या मानकाचा नसतो. रस्त्याचे काम संपताना उरलेल्या डांबराचा तो एक अरुंद, उभट वरवंटा असतो. पट्टे नाहीत, फलक नाही, कोणी कोणाच्या सांगण्यावरून केला याची नोंद नाही. त्यात भर ड्रेनेजच्या झाकणांची. रस्त्यावर थरावर थर चढत जातात आणि झाकण कुठे खड्ड्याच्या तळाशी राहते, तर कुठे भोवतालच्या डांबराहून वर डोके काढते. मग केबलसाठी, पाण्याच्या लाइनसाठी खोदलेले चर, जे बुजवले जातात पण बसत नाहीत, किंवा बसतात ते नको तितके. ढोबळमानाने असे म्हणता येईल, की १९० मिलिमीटरमधले पहिले शंभर नियमातल्या रस्त्यासाठी आहेत, आणि उरलेले नव्वद नियम न पाळणाऱ्या रस्त्यासाठी. या नव्वदांची किंमत गाडी घेणारा भरतो.

किती भरतो तेही पाहण्यासारखे आहे. जीएसटीच्या कायद्यात एसयूव्हीची व्याख्या करताना लांबी ४ मीटरहून अधिक, इंजिन १५०० सीसीहून मोठे आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त, असे तीन निकष ठेवले गेले. त्या वर्गातल्या गाडीवर, म्हणजे हॅरियर, सफारी, एक्सयूव्ही ७०० यांवर, अनेक वर्षे २८ टक्के कर आणि २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के लागत होते. १४९७ किंवा १४९८ सीसीच्या गाड्या थोडक्यात त्याबाहेर राहिल्या आणि त्यांना ४५ टक्के लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि या सगळ्यांसाठी दर ४० टक्के झाला. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स : १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. सरकारच्या वहीत १७० मिलिमीटर ही चैनीची एक खूण आहे, आणि रस्त्यावर उतरले की तीच गरज होते. रोड टॅक्स भरून झाल्यावर, न मिळालेल्या रस्त्याची भरपाई म्हणून उंच गाडीचे पैसे पुन्हा भरायचे, हा दुहेरी भार आहे. तो सोसणाऱ्या कुटुंबाला मी चंगळवादी म्हणणार नाही. त्याने समोरची अडचण पाहून शहाणपणाने केलेली खरेदी आहे ती. मात्र असे लाखभर शहाणपणाचे निर्णय एकत्र आले की शहर शहाणे होतेच असे नाही.

इथे माझ्या युक्तिवादाला अडवणारी एक वस्तुस्थिती आहे. चाकणच्याच कारखान्यातून, कुशाक-टायगुनच्याच सांगाड्यावर बेतलेल्या स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोन सेडान निघतात. त्यांचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिलिमीटर आहे, कुशाकपेक्षा फक्त ९ ने कमी. स्लाव्हियाची डिकी ५२१ लिटरची, कुशाकची ३८५. केवळ खड्ड्यांचाच प्रश्न असता तर लोक या सेडानकडे वळले असते. ते तितकेसे वळत नाहीत, म्हणजे उंचीत खड्ड्यापलीकडचेही काही आहे. ते म्हणजे ‘बसल्यावर रस्ता दिसतो’. सिंहगड रस्त्यावर किंवा नगर रस्त्यावर संध्याकाळी चारी बाजूंनी दुचाक्या घुसत असताना, पुढे काय अडले आहे हे दिसणे ही चैन नाही. त्याने जीव शांत राहतो. आणि नव्याने गाडी शिकलेल्यांना, त्यात अनेक बायकांना, उंच आसनाने आत्मविश्वास दिला आहे ही गोष्ट मी फार मोलाची मानतो. पण हा फायदा टिकाऊ नाही. पुढची गाडी बुटकी असेल तोवरच उंच गाडीतून पुढचे दिसते. दहातल्या सहा-सात नव्या गाड्या उंच झाल्या की उंच गाडीच्या समोर उंच गाडीचीच पाठ येते, आणि ज्याच्याकडे जुनी वॅगन आर किंवा स्कूटर आहे त्याला पूर्वी दिसायचे तेही दिसेनासे होते. खड्ड्यापासूनची सुटका निदान दुसऱ्याचा खड्डा मोठा करत नाही. दृष्टीची सुटका मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांसमोरून काढून घेतलेली असते.

याला सर्वांत जोरदार उत्तर सुरक्षिततेचे मिळते : घरची माणसे आत बसणार, तिथे तडजोड कशी करायची? प्रश्न रास्त आहे, पण पुरावा वेगळे सांगतो. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय गाड्यांच्या पहिल्या धडक-चाचण्या जाहीर केल्या, तेव्हा चाकणला बनणाऱ्या पोलोच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्तीला शून्य तारे मिळाले होते. तीच पोलो, दोन एअरबॅग बसवल्यावर, मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी चार ताऱ्यांवर गेली. गाडीची उंची तसूभर वाढली नव्हती. २०२० साली पिंपरीला बनणाऱ्या अल्ट्रोझ या हॅचबॅकला पाच तारे मिळाले. कुशाक आणि टायगुनला २०२२ मध्ये पाच मिळाले, तर पुढच्याच वर्षी त्यांच्या सेडान भावंडांनाही पाचच. तारे सांगाड्याला, एअरबॅगना, पट्ट्यांना मिळतात. त्यात उंचीचा वाटा नाही. आणि हे सारे तारे आतल्यांसाठी आहेत. बाहेरच्याचे काय? अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०२३ साली पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास मांडला. ज्यांच्या बॉनेटची कड जमिनीपासून ४० इंचांहून उंच आहे अशा गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. तिकडची वाहने आपल्या मध्यम एसयूव्हीपेक्षा बरीच थोराड असतात, हे खरे. तरी कारण तेच राहते : बुटके बॉनेट पायांना लागते, उंच बॉनेट छातीला, आणि शाळकरी मुलाच्या डोक्याला. ज्या शहरात फुटपाथ अडलेला म्हणून मुले रस्त्याच्या कडेने चालतात, तिथे हा फरक अमेरिकेहून जास्त भोवेल असे मला वाटते.

दुसरा आक्षेप गुडघ्यांचा, आणि त्यापुढे मी नमतो. साठी-सत्तरीच्या आई-वडिलांना खाली बसून गाडीत शिरणे आणि हातांनी रेटून बाहेर येणे किती जड जाते, हे घरोघरी ठाऊक आहे. एसयूव्हीचे आसन कमरेच्या उंचीला येते. वाकावे लागत नाही, चढावेही लागत नाही, नुसते वळून टेकायचे. या एका सोयीसाठी कितीतरी घरांनी गाडी बदलली असेल आणि त्यात गैर काहीही नाही. तरीही ही सोय पुण्यात कुठवर पुरते ते पाहायला हवे. सोसायटीतली पार्किंगची जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आखलेली असते. हॅरियर किंवा एक्सयूव्ही ७०० जवळपास १.९ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना फूटभर जागा उरते, त्यातच खांब आणि शेजारची तितकीच रुंद गाडी. ज्या आजींसाठी गाडी घेतली त्यांना दार पुरते उघडत नाही म्हणून फाटकाजवळ उभे राहावे लागते. मारुती ८०० ची रुंदी १.४५ मीटरच्या आतली होती आणि आपल्या जुन्या सोसायट्या, पेठांतले बोळ, कोथरूडच्या आतल्या गल्ल्या यांचा जीव त्याच मापाचा आहे. आणि आजींना बाजीराव रस्त्यावर किंवा तुळशीबागेत जायचे असेल तर? गाडी लावायला जागा नाही. उतरून चालायचे तर पायाखाली सलग फुटपाथ नाही. मेट्रोच्या डब्याचा तळ आणि फलाट एका पातळीत असतात. गुडघ्यांसाठी त्याहून चांगली योजना नाही. पुण्यात मेट्रो २०२२ पासून धावते आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये ती जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोचली. २००६ च्या सुमारास सातारा रस्त्यावरून सुरू झालेल्या बीआरटी या स्वतंत्र बसमार्गांच्या योजनेचे तत्त्वही हेच : बसचा दरवाजा आणि थांब्याचे जोते समपातळीत. ती योजना अर्धवट राहिली, नगर रस्त्यावरचे तिचे मार्ग तर पुढे उखडले गेले. घर ते स्थानक हे पाचशे मीटर आजींना सुखाने चालता आले, तर गुडघ्यांचा प्रश्न गाडीशिवाय सुटतो. तो सुटत नाही, म्हणून आसनाची उंची विकत घ्यावी लागते.

घाटाचा मुद्दा मी थोडक्यात मान्य करतो. गणपतीला ताम्हिणीतून माणगावला, कुंभार्लीतून चिपळूणला किंवा आंबा घाटातून रत्नागिरीला पाच माणसे, दोन मुले आणि सामान घेऊन जाताना डिझेल इंजिनाची ओढ आणि चाकांची पकड यांचा आधार मोठा असतो. पण वर्षातून अशा खेपा किती होतात? बाकीचे दिवस गाडी औंध ते हिंजवडी, कोथरूड ते डेक्कन अशी रखडत जाते. आणि इथे खुद्द यंत्रच तक्रार करू लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले तेव्हा डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली, जिला सगळे डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअसची उष्णता लागते, आणि ती मिळायची तर गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्या वेगाने धावावी लागते. पुण्याच्या ऑफिसच्या वेळेत सलग पंधरा मिनिटे बऱ्या वेगाने कोणता रस्ता धावू देतो? म्हणून डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि सल्ला मिळतो : एकदा एक्स्प्रेसवेवर फिरवून आणा. शहरातला धूर कमी व्हावा म्हणून बसवलेली गाळणी साफ करण्यासाठी डिझेल जाळत लोणावळ्याच्या दिशेने जायचे आणि परत यायचे. मालकांच्या अनुभवांतला मला सर्वांत बोलका वाटतो तो हाच. गाडी घाटासाठी निवडली आणि ती राहते पेठेत, हे अंतर मालकाला सवयीने दिसेनासे झाले तरी गाळणीला दिसत राहते.

आणि स्वतःपुरत्या उंचीला एक छप्परही आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा कात्रजपासून टांगेवाला कॉलनीपर्यंत काठावरच्या वस्त्या आणि सोसायट्या पाण्याखाली गेल्या, माणसे दगावली, गाड्या एकमेकींवर चढल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्याची एकतानगरी बुडाली. दोन फूट पाणी आले की मध्यम एसयूव्ही आणि हॅचबॅक यांत फारसा फरक उरत नाही. हवेच्या नळीतून पाणी इंजिनात गेले की दोन्हींची गत सारखीच. ओढ्याचे पात्र अरुंद करून बांधलेली भिंत, नदीत टाकलेला राडारोडा, पावसाळी गटारांचा अभाव यांवर १९० मिलिमीटर हे उत्तर होऊ शकत नाही. इथे प्रत्येकाची सुटका वेगवेगळी होतच नाही.

‘माझा पैसा, माझी गाडी’ हे उत्तर शेवटी येतेच. गाडी घेणे हा हक्क आहे, मी तो नाकारत नाही. पण गाडी जिथे उभी राहते तो रस्ता कोणा एकाचा नाही. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ ला मतदान घेऊन बाहेरगावच्या जड गाड्यांचे पार्किंग तिप्पट महाग केले गेले. मतदानाला फार थोडे लोक आले, पण कौल मिळाला आणि ऑक्टोबरपासून तो लागूही झाला. पुण्यात २०१८ साली पार्किंगचे धोरण महापालिकेत मांडले गेले तेव्हा विरोध इतका झाला, की ते मोजक्या रस्त्यांपुरते करायचे ठरले, आणि तेही रेंगाळले. चार-साडेचार मीटर लांबीची वस्तू रात्रभर सार्वजनिक रस्त्यावर फुकट ठेवता येते, तोवर गाडीच्या आकाराचा खरा हिशेब घरात कधी मांडलाच जात नाही. तो हिशेब चुकता करतो दुचाकीवाला, आणि खड्ड्यांचाही तोच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यावेत, आणि चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मरणाऱ्यांत एसयूव्हीतले अगदी थोडे असतात. ज्याला खड्डा कळत नाही तो वाचतो, आणि ज्याला कळतो त्याचा आवाज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयापर्यंत क्वचितच पोचतो.

मला खंत आहे ती इथे. मध्यम एसयूव्ही घेणारे कुटुंब हे या शहरातले सर्वांत चौकस कुटुंब आहे. त्याने महिनोन्‌महिने आकडे पाहिलेले असतात, चार शोरूम फिरलेले असतात, १८८ आणि १९० यांतला फरक त्याला तोंडपाठ असतो. तक्रार कशी लिहायची, माहितीचा अधिकार कसा वापरायचा हेही त्याला येते. १९८१ पासून वाहतूक आणि पर्यावरणासाठी झटणाऱ्या ‘परिसर’सारख्या संस्था असोत की सजग नागरिक मंच, पुण्यात असे काम याच वर्गातल्या लोकांनी उभे केले आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या प्रभागातली कामे सुचवण्याची सोय २००६ पासून आहे. ज्या सोसायटीच्या तळघरात अशा तीस-चाळीस गाड्या उभ्या आहेत, तिने फाटकाबाहेरचा गतिरोधक टेपने मोजावा. उंची १० सेंटीमीटर आहे का, रुंदी ३.७ मीटर आहे का, पट्टे आहेत का, हे लिहून फोटोसकट क्षेत्रीय कार्यालयात द्यावे आणि पोच घ्यावी. मग तिथून बसथांब्यापर्यंतचा फुटपाथ आजींच्या पावलांनी मोजून दुसरा अर्ज करावा.